सही केली तर मुलावर शिक्का बसेल का?

न्यू जर्सीत नोव्हेंबरमधल्या पालकसभा आटोपल्या की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मराठी पालकांच्या फोनची भाषा इतकी सारखी होते की पहिल्या वाक्यावरूनच दुसरे सांगता यावे. मुलाला शिकण्यात काही अडचण आहे का याचे मूल्यमापन करायचे शाळेने सुचवले आहे, संमतिपत्र घरी आले आहे, आणि प्रश्न एकच असतो : "सही केली तर मुलावर शिक्का बसेल का हो?" मग आवाज जरा खाली येतो आणि पुरवणी प्रश्न सुरू होतात. हे कॉलेजच्या अर्जात दिसते का, ग्रीन कार्डच्या कामात आडवे येते का, उद्या पुण्याला परतलो तर तिथल्या शाळेला कळेल का. या प्रश्नांची उत्तरे मी पुढे देणारच आहे. पण आधी एका कुटुंबाची हकिगत सांगते, कारण सगळी उत्तरे ठाऊक असूनही सही का होत नाही, हे मला त्या कुटुंबाकडून कळले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि मुलाला आपण अर्णव म्हणू.

अर्णव तिसरीत होता. पाचव्या वर्षी पुण्याहून इकडे आलेला, गणितात तरबेज, बोलायला चुरचुरीत. मात्र वाचायचे म्हटले की त्याचे पोट दुखत असे. पोटाच्या डॉक्टरांनी पोटात काही नसल्याचे सांगितल्यावर आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. दुसऱ्या भेटीत तिने पर्समधून चार घड्या घातलेले एक संमतिपत्र काढले. शाळेतल्या बैठकीला ती एकटी गेली होती आणि तिथून ते घेऊन आली होती. गेले पाच आठवडे ते स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, टेकआउटच्या मेन्यूकार्डांखाली, पडून होते.

"हा सही करू देत नाही," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही, मॅडम," तो म्हणाला. "वाचेल हळूहळू. मीसुद्धा उशिराच वाचायला लागलो."

या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबायला हवे होते. थांबले नाही. मी माहिती देत सुटले.

माहिती चुकीची नव्हती. आमच्या लोकांना 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हटले की आपल्याकडचा जिल्हा आठवतो, पण इथला डिस्ट्रिक्ट ही केवळ शाळा चालवण्यासाठी असलेली स्थानिक संस्था असते. आपली जिल्हा परिषद शाळाही चालवते आणि रस्तेही पाहते. इथल्या डिस्ट्रिक्टला दुसरे काम नाही. एकट्या न्यू जर्सीत असे पाचशेहून अधिक डिस्ट्रिक्ट आहेत, त्यांतल्या बहुतेकांची मंडळे लोक निवडून देतात, आणि खर्चाचा मोठा वाटा घरांवरच्या मालमत्ता करातून येतो. आपल्या लोकांना यातला एक भाग पक्का ठाऊक असतो : कोणत्या डिस्ट्रिक्टचे रेटिंग किती. अर्णवच्या आईवडिलांनीही त्या रेटिंगकडे पाहून, ऐपतीपेक्षा थोडे महागच, टाउनहाउस घेतले होते. डिस्ट्रिक्ट चांगला म्हणून तीस वर्षांचे कर्ज काढायचे आणि त्याच डिस्ट्रिक्टने आपल्या मुलासाठी फुकट देऊ केलेली सेवा ड्रॉवरमध्ये ठेवायची, हा विरोधाभास मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता त्याचे नवल वाटत नाही.

कायदाही मी समजावून सांगितला. अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला विनामूल्य आणि त्याच्या गरजेनुसार शिक्षण मिळाले पाहिजे, असा केंद्रीय कायदा अमेरिकेत 1975 मध्ये झाला आणि 1990 मध्ये त्याला आजचे 'आयडिया' हे नाव मिळाले. न्यू जर्सीत शाळेचे मानसशास्त्रज्ञ, अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे वाचन-लेखनासारख्या गोष्टी शिकण्यातल्या अडचणींचे, तज्ज्ञ शिक्षक आणि समाजसेविका मिळून 'चाइल्ड स्टडी टीम' बनते. पालकांनी मूल्यमापनाची लेखी विनंती केली की डिस्ट्रिक्टला 20 दिवसांत बैठक घ्यावी लागते, आणि संमती मिळाल्यापासून 90 दिवसांत मूल्यमापन, पात्रतेचा निर्णय आणि मूल पात्र ठरल्यास त्याच्यासाठी आखलेल्या योजनेची, म्हणजे आयईपीची, सुरुवात झाली पाहिजे. वडिलांनी सगळे ऐकून घेतले, दोन नेमके प्रश्न विचारले, माझे आभार मानले. पत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये गेले.

त्यानंतरच्या भेटीत मी अर्णवशी एकटीने बोलले. त्याने कासवाचे चित्र काढले होते. वर्गात वाचनाचे चार गट आहेत आणि बाईंनी त्यांना प्राण्यांची नावे दिली आहेत, असे त्याने सांगितले. हा 'टर्टल' गटात.

"बाईंनी सांगितलं का की टर्टल म्हणजे हळू वाचणारे?"

"नाही," तो म्हणाला. मग मोठ्या माणसाने लहान मुलाला समजवावे तशा सुरात : "पण सगळ्यांना माहीत आहे."

मी ज्या विचारसरणीत घडले, ती अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, जी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा गाभा थोडक्यात असा की प्रसंग माणसाला जेवढा त्रास देतो, त्याहून कितीतरी अधिक त्रास तो त्या प्रसंगाला देत असलेला अर्थ देतो. मग हे संमतिपत्र या वडिलांना काय म्हणत होते? शाळेने लिहिले होते, 'आम्हाला तपासू द्या'. ते वाचताना त्यांना ऐकू काय येत होते? हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता, कारण त्यांनी धागा स्वतःहून हातात दिला होता.

चौथ्या भेटीला भारतातून आलेल्या आजीही होत्या. त्या मला 'डॉक्टरीणबाई' म्हणत. मी डॉक्टर नाही, हे मी तीनदा सांगून पाहिले. मुलाची बाजू घेण्यासाठी त्या म्हणाल्या, "बापाच्या वळणावर गेलाय, दुसरं काही नाही. याचा बापही चौथीपर्यंत ढ होता. झालाच ना इंजिनियर?"

खोलीत एकदम शांतता पसरली. मी वडिलांसमोर ते संमतिपत्र ठेवले आणि एवढेच म्हटले, "तुम्ही हे मला मोठ्याने वाचून दाखवाल का?"

त्यांनी कागद जवळ ओढला. उजव्या हाताचे बोट पहिल्या शब्दाखाली गेले आणि ओळीबरोबर पुढे सरकू लागले. ओळ संपली की बोट परत डावीकडे यायचे, खालची ओळ शोधायचे, तिथे क्षणभर टेकायचे आणि मगच आवाज फुटायचा. तिसऱ्या ओळीत एक शब्द चुकला, तो त्यांनी पुन्हा वाचला, पुन्हा चुकला. अडतीस वर्षांचा, एका मोठ्या कंपनीत तीस माणसांची टीम सांभाळणारा हा गृहस्थ कागदावरून बोट उचलायला तयार नव्हता. बायको त्या बोटाकडे पाहत होती. लग्नाला अकरा वर्षे झाली होती आणि तिने त्याला मोठ्याने वाचताना कधी ऐकले नव्हते, हे तिच्या तेव्हाच लक्षात आले.

मी घाई केली नाही. समुपदेशकाला बोलायचे कधी हे लवकर येते. गप्प राहायचे कधी, हे यायला मला दहाएक वर्षे लागली, आणि त्या दिवशी ते कामी आले, हे मला इथे नोंदवावेसे वाटते.

मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. कराडजवळच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. मराठीच्या तासाला गुरुजी बालभारतीतला धडा एकेका मुलाकडून एकेक परिच्छेद असा वाचून घेत. हे मुले मोजत, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते ताडत आणि शेजारच्या मित्राकडून तो हळूच म्हणवून घेऊन पाठ करून टाकत. एकदा एक मुलगा गैरहजर होता. मोजणी एकाने चुकली, आणि यांनी उभे राहून भलताच परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला. वर्ग हसला. त्या दिवसापासून ते शेवटच्या बाकावर गेले, आणि वर्णमालेतले एक अक्षर त्यांचे नाव झाले.

"आजसुद्धा महत्त्वाची ईमेल मी तीन वेळा वाचतो," ते म्हणाले. "रात्री, सगळे झोपल्यावर. कॉम्प्युटरला मोठ्याने वाचायला लावतो, कानात इअरफोन घालून."

"म्हणजे मदत तुम्ही घेताच आहात," मी म्हटले. "फक्त कोणाला कळू न देता."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी त्यांना अर्णवचे कासव दाखवले आणि तो जे म्हणाला होता ते त्याच्याच शब्दांत सांगितले. ज्या शिक्क्यापासून ते मुलाला वाचवू पाहत होते, तो त्याने कधीच लावून घेतला होता. त्यांनी पेन मागितले.

आता पुरवणी प्रश्नांविषयी, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरीही असा ड्रॉवर असणार.

मूल्यमापनाला दिलेली संमती आणि सेवा सुरू करायला दिलेली संमती, या दोन वेगळ्या सह्या आहेत. पहिल्या सहीने शाळेला फक्त तपासायची परवानगी मिळते. अहवाल पाहून दुसरी सही नाकारता येते, आणि ती केल्यानंतरही सेवा नको वाटल्या तर लेखी कळवून संमती मागे घेता येते. न्यू जर्सीत मूल्यमापनाचे अहवाल पात्रतेच्या बैठकीच्या किमान 10 दिवस आधी पालकांच्या हाती पडले पाहिजेत. ते तेव्हाच, घरी, निवांतपणे वाचावेत, कारण पाच-सहा जणांसमोर बसून पहिल्यांदा वाचलेल्या अहवालातले काहीच डोक्यात शिरत नाही. शाळेचा निष्कर्ष पटला नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र मूल्यमापन डिस्ट्रिक्टच्या खर्चाने करून मागता येते. त्या खर्चाला नकार द्यायचा असेल, तर आपले मूल्यमापन योग्य होते हे डिस्ट्रिक्टला सुनावणीत सिद्ध करावे लागते. शाळा नेहमी बरोबर असते असे मी मुळीच म्हणत नाही. तीन प्रकरणांत मी पालकांना हाच मार्ग सुचवला आहे.

आयईपी म्हणजे मूल वेगळ्या वर्गात गेले, हीदेखील समजूतच आहे. जिथवर शक्य आहे तिथवर मुलाने इतर मुलांबरोबरच शिकावे, असे कायदा सांगतो. अर्णवचा दिवसाचा बहुतांश वेळ त्याच्याच वर्गात जातो. काही मुलांना विशेष शिक्षणाची गरज नसते, फक्त परीक्षेत जादा वेळ किंवा पुढच्या बाकावरची जागा अशा सवलती पुरतात. त्यांच्यासाठी 1973 च्या कायद्यातल्या कलम 504 खालची योजना असते, आणि ती पुष्कळ पालकांना माहीतच नसते.

मुलाच्या शालेय नोंदी 1974 च्या गोपनीयतेच्या कायद्याने संरक्षित आहेत. सर्वसाधारणपणे पालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्या बाहेर देता येत नाहीत. कॉलेजला काय सांगायचे हे पुढे मुलाने स्वतः ठरवायचे असते. इमिग्रेशनच्या स्थितीवरून मुलाला सरकारी शाळेचे दार बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 मधल्या 'प्लायलर विरुद्ध डो' या निकालापासून ठरलेले आहे. आणि पुण्याला परतायचे असेल, तर भारतातही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. तिथे प्रमाणपत्र नव्याने काढावे लागेल, पण इथला अहवाल हाताशी असेल तर मूल कुठून सुरुवात करते आहे ते तिथल्या तज्ज्ञाला कळेल.

एका गोष्टीवर मात्र मी पालकांशी कडक बोलते. शाळेत नाव घालताना 'घरी कोणती भाषा बोलता' असा फॉर्म भरावा लागतो. कोणीतरी सांगितलेले असते की मराठी लिहिलेत तर मुलाला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या वर्गात, टाकतात. म्हणून घरात सकाळपासून रात्रीपर्यंत मराठी चालणारे आईवडील तिथे 'इंग्रजी' लिहून मोकळे होतात. अर्णवच्या आईवडिलांनी तेच केले होते. परिणाम असा की तीन वर्षे त्याच्या शिक्षकांना वाटत राहिले, याची घरची भाषा इंग्रजीच आहे. केवळ इंग्रजी कमी येते म्हणून मुलाला अपंगत्व आहे असे ठरवता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. पण मूळ भाषाच लपवली तर अडचण भाषेची की वाचनाची, हे तपासणाऱ्याने कसे ओळखायचे? सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी आई शाळेच्या ऑफिसात गेली आणि तिने तो फॉर्म दुरुस्त करून दिला. बैठकीत दुभाषाही मागून घ्या, असे मी तिला सांगितले होते. पालकांना चर्चा समजावी यासाठी डिस्ट्रिक्टला तो द्यावा लागतो आणि त्याचे पैसे पालकांना पडत नाहीत. वडील अस्खलित इंग्रजी बोलतात. तरीही स्वतःच्या मुलाविषयी ऐकताना आपली भाषा कानावर पडली तर माणूस प्रश्न विचारू धजतो, असा माझा अनुभव आहे.

बैठकीत फोनवरच्या दुभाषाने 'डिसॅबिलिटी'साठी 'अपंगत्व' हा शब्द वापरला तेव्हा वडिलांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, असे आईने मला नंतर सांगितले. पण ते उठले नाहीत. अर्णवला वाचनाची अध्ययन अक्षमता आहे असे ठरले, आणि आता रोज एक शिक्षिका तीन मुलांना घेऊन ध्वनी आणि अक्षरे यांची सांगड पायरीपायरीने शिकवते. वाचन अजून हळूच आहे. पोटदुखी फेब्रुवारीपासून नाही.

मधल्या काळात वडिलांनी मुलाला शेवटच्या बाकाची गोष्ट सांगितली. सांगू का, म्हणून आधी मला फोन केला होता. मी म्हटले, चुकलेल्या परिच्छेदासकट सांगा. अर्णव त्यावर पोट धरून हसला, आणि मग त्याने विचारले, "बाबा, तुझ्या शाळेने आजीला लेटर नाही पाठवलं?"

"नाही पाठवलं," ते म्हणाले.

आयईपीचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. अर्णवचा यंदाचा एप्रिलमध्ये आहे, आणि वडिलांनी त्या दिवसाची रजा आत्ताच टाकली आहे.