ऐनाचे ओंडके कापायला मशीन कुठलं घ्यावं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही मंडणगड तालुक्यातले. घरात गॅस आहे पण अंघोळीचं पाणी, भात, काजू भाजणं सगळं अजून चुलीवरच, वर्षाला दोन-तीन ट्रॉल्या फाटी लागतात. लाकूड म्हणजे परवानगी काढून तोडलेला ऐन-किंजळ, बांधावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि म्हातारे झालेले काजू. आतापर्यंत कापणारा माणूस बोलवायचो पण आता तो वेळेवर मिळत नाही म्हणून स्वतःचं चेनसॉ घ्यायचं ठरवलंय. दुकानात श्टील कंपनीचं एमएस 250 दाखवलं, दुसऱ्याने हस्कवार्ना 450 सांगितलं, एक जण म्हणतो एमएस 271 च घे, आणि मोबाईलवर 58 सीसीचं 22 इंची पातीचं (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) मशीन यांच्या पाव किमतीत दिसतंय. डोकं चालेनासं झालंय, काय करू?

उत्तर : दादा, आधी त्या 58 सीसीबद्दल बोलतो कारण तिथे मी स्वतः पोळलोय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या बागेतली हापूसची कलमं आणि पोफळी आडव्या झाल्या, रस्ता बंद, घाईघाईत जे दुकानात होतं ते उचललं, तेच हे 58 सीसी आणि 22 इंची पाती. महिनाभर बरं चाललं. मग पातीला तेल येईना, पाती तापून निळी पडायला लागली, तेलाचा पंप कुठेच मिळेना आणि दुकानदाराने हात वर केले. सीसीचा आकडा मोठा दिसला तरी ताकद तेवढी असेलच असं नाही, आणि लांब पातीवर चेनचं घर्षण जास्त, ते ओढायलाच मशीनचा दम जातो. तुमचा ओंडका फूट-सव्वा फुटाचा असेल तर 16 इंची पाती पुरते, क्वचित जाडा निघाला तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. नवीन माणसाच्या हातात 22 इंची पाती मला बघवत नाही, कारण टोक कुठे लागतंय हे त्याला दिसतच नाही आणि मशीन उसळून अंगावर येतं ते टोकामुळेच.

आता उरलेली तीन. एमएस 250 म्हणजे 45.4 सीसी, 2.3 किलोवॅट, वजन 4.6 किलो. एमएस 271 म्हणजे 50.2 सीसी, 2.6 किलोवॅट, 5.6 किलो. हस्कवार्ना 450 सुद्धा 50.2 सीसीच, 2.4 किलोवॅट, वजन पाच किलोच्या आसपास. ही सगळी वजनं पाती, चेन आणि पेट्रोल सोडून आहेत, म्हणजे हातात येतं तेव्हा प्रत्येकात दीड-दोन किलो वाढवून धरा. कागदावर फरक छोटा वाटतो ना? पण सकाळी आठ ते बारा उकिडवं बसून, वाकून ओंडके कापले की तो एक किलो कंबरेला कळतो.

एमएस 250 हलकं, साधं, खोलायला सोपं, त्याची डिझाईन जुनी आहे म्हणून मेकॅनिकला तोंडपाठ असते. पण जुनं इंजिन असल्यामुळे पेट्रोल जरा जास्त पितं आणि हाताला थरथर जास्त लागते कारण हँडलला रबराचे बुश आहेत. एमएस 271 आणि 450 ला स्प्रिंगा आहेत आणि इंजिन नव्या पद्धतीचं, जळण्याआधीच बाहेर निसटणारं पेट्रोल त्यात कमी असतं, त्यामुळे धूर कमी आणि टाकी जास्त वेळ पुरते. थरथरीला हलकं घेऊ नका, दिवसभर मशीन चालवणाऱ्यांची बोटं थंडीच्या दिवसांत पांढरी पडतात, बधिर होतात, आणि एकदा ते लागलं की पाठ सोडत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. वर्षाला दोन-तीन ट्रॉल्यांसाठी एमएस 250 पुष्कळ झालं. पाच-सहा ट्रॉल्या असतील किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही कापून देणार असाल तर 271 किंवा 450, आणि या दोघांत ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून जवळ तेच घ्या. घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, ऑईल पंप, क्लच ड्रम आणि दोरीची स्प्रिंग स्टॉकमध्ये आहे का? मागवून देतो म्हणाला की समजा पावसाच्या आधी मशीन अडकलं तर फाटी तशीच भिजणार.

आणि खरं सांगू का, ऐनासमोर मशीनपेक्षा चेनची धार जास्त महत्त्वाची. आपल्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, वर्षानुवर्षं कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडलेला ऐन असतो, त्याच्या खोडाला ठिकठिकाणी गाठी, आतला रेषा पिळलेला, तो वाळला की कुऱ्हाड सुद्धा टण्णकन उडते. असल्या लाकडाला फुल चिझल नाही, सेमी चिझल चेन घ्या, म्हणजे दाताचा कोपरा जरा गोल असलेली. नवी असताना ती किंचित हळू कापते पण माती लागलेल्या सालीत, गाठीत तिची धार टिकते.

दुसरं म्हणजे ओला असतानाच कापा. झाड पडल्या पडल्या, दिवाळीनंतर, ओंडके दीड-दीड फुटांचे करून टाका, लगेच फोडून रचा, मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळतात आणि जूनच्या आत पडवीत जातात. अख्खा ओंडका वर्षभर वाळवून मग कापायला गेलात तर दुप्पट चेन खर्ची पडते. इकडे बहुतेक जण उलट करतात, मे महिन्यात घाई.

धार गेली हे कसं ओळखायचं तर खाली पडणारा भुसा बघा. धारदार चेन तांदळाच्या कण्यांसारख्या, नखाएवढ्या ढलप्या फेकते. पिठासारखी धूळ यायला लागली, मशीन दाबावं लागायला लागलं, कापलेली जागा काळपट झाली, धूर दिसला, तिथेच थांबा. एमएस 250 ला साधारणपणे .325 पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन येते, तिला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला सारखेच फेर, 30 अंशाचा कोन, कानस पुढे ढकलताना दाबायची आणि मागे आणताना उचलून घ्यायची, दोन्हीकडे घासली तर कानसच मरते. दात झिजत जातो तसा त्याच्या पुढचा उंचवटाही खाली घ्यावा लागतो, दातापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली, ते मोजायची पट्टी कानसेच्या किटमध्ये मिळते. हा उंचवटा बरेच जण घासतच नाहीत आणि मग म्हणतात धार लावून पण कापत नाही. काही जण उलट फार खाली घेतात, मग मशीन हिसके मारतं. मी प्रत्येक टाकी संपली की तीन फेर मारतो, पाच मिनिटं लागतात. चेन नवी घेताना पातीवर कोरलेले पिच, गेज (पातीच्या खाचेची रुंदी) आणि लिंकांचे (खाचेत बसणाऱ्या कड्यांचे) आकडे फोनमध्ये फोटो काढून न्या, नाहीतर दुकानदार जवळपासची देतो आणि ती बसत नाही.

प्रश्न : आमचे भाऊजी चेनला गाडीचं जळकं ऑईल घालतात, म्हणतात काही होत नाही. आणि पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचं, कोणी 20 एमएल सांगतं कोणी 40? (एक ताई, सावंतवाडी)

उत्तर : ताई, भाऊजींना सांगा की जळक्या ऑईलमध्ये लोखंडाची बारीक पूड असते, ती पातीची खाच आणि पंप दोन्ही खाते, शिवाय ते हातावर, कपड्यांवर उडतं, जमिनीत मुरतं, तुमच्या विहिरीशेजारी मुरतं. चेनचं ऑईल चिकट असतं म्हणून वेगाने फिरतानाही पातीवरून उडत नाही. ते नसेलच तर नवं, न वापरलेलं ऑईल निदान वापरा, जळकं नको. पाती कोऱ्या लाकडासमोर धरून ॲक्सिलरेटर दाबा, लाकडावर तेलाची बारीक रेघ उठली तर पंप चालू आहे.

मिक्स बाबतीत मशीनचं पुस्तक बघा. चांगल्या टू-स्ट्रोक ऑईलला 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 एमएल, पाच लिटरला 100. साध्या ऑईलला 25 ला 1, म्हणजे लिटरला 40. कमी घालण्यापेक्षा जास्त परवडलं, कमी झालं की पिस्टन ओरखडतो आणि मग अर्ध्या मशीनचा खर्च. मोजायला दहा रुपयांची सिरिंज घ्या, झाकणाच्या अंदाजाने घालू नका.

आणि एक गोष्ट आपल्या कोकणातल्यांनी नक्की लक्षात ठेवावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, जुलैतल्या हवेत तर विचारूच नका. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी खाली बसतं आणि नळी नेमकी तेच ओढते. म्हणून मिक्स लागेल तेवढंच करा, महिन्याच्या आत संपवा, आणि पावसाळ्यात मशीन ठेवताना टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. गणपतीनंतर दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रॉब्लेम हाच असतो.

प्रश्न : वादळात पडलेला आंबा कापायचाय, मुळासकट उपटलाय, फांद्यांवर टेकून उभाच आहे. स्वतः कापला तर चालेल? (दापोली)

उत्तर : काका, पहिलंच मशीन असेल तर नको. कळकळीने सांगतो, नको. उपटलेल्या झाडाच्या मुळांत मातीचा गड्डा असतो, खोड कापलं की तो गड्डा खड्ड्यात परत उभा बसतो आणि मागे कोणी उभं असेल तर संपलं. फांद्यांवर तोललेलं खोड धनुष्यासारखं ताणलेलं असतं, चुकीच्या बाजूने कापलं की फाटतं किंवा पाती अडकून बसते. अनुभवी माणूस बोलवा, तो मोकळे ओंडके पाडून देईल, ते मग तुम्ही निवांत कापा.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरची बाजू दाबात असते, आधी वरून एक तृतीयांश आणि मग खालून वर. एक टोक लोंबत असेल तर उलट, आधी खालून एक तृतीयांश आणि मग वरून. चिरेत पाचर मारायची तर लाकडाची किंवा प्लास्टिकची, लोखंडाची कधीच नाही. जमिनीवर पडलेला ओंडका पाऊण कापायचा, मग फिरवून उरलेला, चेन जांभ्याला एकदा जरी लागली तरी धार गेलीच. माड-पोफळी वेगळ्या काढून ठेवा, त्यांचे तंतू आणि त्यातली सिलिका चेन लवकर बोथट करतात, सागाचंही तसंच.

आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, हिरडा ही सगळी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी तोडायला परवानगी लागते. पडलेल्याचे फोटो काढा, तलाठी आणि वनखात्याच्या रेंज ऑफिसला आधी कळवा, मग हात लावा. लाकूड गाडीत घालून गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासचंही तिथेच विचारून घ्या.

प्रश्न : सेफ्टी पँट खरंच लागते का? इथे कोणीच घालत नाही, लुंगीवर कापतात. (चिपळूण)

उत्तर : लागते. चेन सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने फिरते, कातडीला कळायच्या आत हाडापर्यंत जाते. त्या पँटच्या आत लांब लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटला, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला, गुंडाळतात आणि चेन जागेवर थांबते. आमच्या वाडीतल्या एकाला डाव्या मांडीवर लागलं, ओंडका संपला आणि मशीन तसंच खाली आलं, चेन अजून फिरत होती, बस एवढंच. तो लुंगीवरच होता. आज चालतो, पण चढण आली की थांबतो.

मशीनच्या बजेटमधूनच पँट, कानाचे मफ आणि जाळीचं हेल्मेट काढा, त्यासाठी 271 चं 250 करावं लागलं तरी करा. डावा अंगठा पुढच्या हँडलखाली गुंडाळलेला हवा, पातीच्या टोकाचा वरचा भाग कशालाच लागता कामा नये, आणि दोन पावलं जरी चालायचं असेल तरी चेन ब्रेक (पुढच्या हँडलसमोरची चेन थांबवणारी पट्टी) पुढे ढकलून मगच पाय उचला. रोज सुरू केल्यावर पहिलं काम म्हणजे ब्रेक लावून ॲक्सिलरेटर क्षणभर दाबायचा, चेन हलली तर त्या दिवशी काम बंद आणि मशीन मेकॅनिककडे.