एअर पिस्तुलासाठी कोणता सेफ्टी चष्मा घ्यावा? ‘झेड ८७+’ पुरेसं आहे का?

मुलीने क्लबात एअर पिस्तूल सुरू केलंय आणि ऑनलाइन दिसणारा प्रत्येक चष्मा ‘बॅलिस्टिक’ (म्हणजे गोळी-तुकडे झेलणारा) म्हणवतो, मग घ्यायचा कोणता, असं तुम्ही विचारलंय. तो शब्द आधी डोक्यातून काढा. खोक्यावर काय, कोणीही छापतो.

काडीच्या आतल्या बाजूला ‘झेड ८७+’ कोरलंय का बघा, आणि भिंगाच्या कोपऱ्यात बारीकसं ‘+’. हा अमेरिकी मानकाचा शिक्का. अधिकचं चिन्ह नसेल तर एक इंची पोलादी गोळी ५० इंचांवरून भिंगावर सोडून बघितलेली असते, एवढंच. ‘+’ असेल तर ६.३५ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४६ मीटर वेगाने मारतात, शिवाय अर्धा किलोचं टोकदार वजन वरून टाकतात. ‘ईएन १६६’ या युरोपीय मानकातला ‘एफ’ दर्जा ४५ मीटरचा, म्हणजे उन्नीस-बीस. अमेरिकी लष्कराचं ‘एमआयएल-पीआरएफ-३२४३२’ मात्र फार कडक: ०.१५ इंची धातूचा तुकडा सेकंदाला जवळपास २०० मीटर वेगाने. तुकडा हलका, तरी ऊर्जा साधारण सातपट.

आता खरी गोम. ‘झेड ८७+’च्या त्या गोळीची ऊर्जा जेमतेम एक जूल भरते. आपल्याकडे विनापरवाना एअरगनला २० जूलपर्यंत मुभा आहे. तेव्हा चष्मा घातलाय म्हणून समोरून सुटलेला छर्रा अडेल, असं मुलीला चुकूनही वाटू देऊ नका. रेंजवर धोका असतो तो टार्गेटमागच्या पत्र्यावरून उलट उडणाऱ्या शिशाच्या कपच्यांचा. त्यासाठी ‘झेड ८७+’ माझ्या मते पुरे. लष्करी चष्म्याचे जादा पैसे छर्ऱ्यांवर घालवा.

नंबर असेल तर रोजच्या चष्म्यावर भागवू नका. त्याच्यावरून घालायचे सेफ्टी चष्मे मिळतात, किंवा नंबरचं पॉलिकार्बोनेट (चिवट प्लॅस्टिकचं) भिंग करून घ्या. त्या फ्रेमवर ‘झेड ८७-२+’ असतं. आणि नेमबाजांची ती एकाच गोल भिंगाची फ्रेम पुढेमागे घ्याल, तर ती नेम धरण्यासाठी असते, संरक्षणासाठी नव्हे. दुसऱ्या डोळ्यापुढची पट्टी निव्वळ आडोसा, आणि बाजू उघड्याच.

पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका, बारीक तडे जातात. साध्या साबणपाण्याने धुवा. भिंगावर खोल ओरखडा दिसला तर चष्मा बदला.