कारण विचारू नकोस

चि. बाळ,

फोनवर तू पुन्हापुन्हा तेच सांगत होतीस, "मावशी, मी त्याला ओरडले नाही, शिक्षा केली नाही, नुसतं विचारलं." तू रडवेली झाली होतीस म्हणून तेव्हा मी फार बोलले नाही. आता लिहिते. नुसतं विचारलंस, तेच करायला नको होतं.

तुझा हेतू चांगला होता, मुलांवर तुझा जीव आहे, हे मी धरूनच चालते. त्यावर शाई घालवत नाही.

तुझ्या वर्गातला तो आठ वर्षांचा मुलगा रोज सकाळी सगळ्यांबरोबर उभा राहतो, छातीवर हात ठेवतो, प्लेज, म्हणजे अमेरिकेच्या झेंड्यापुढची निष्ठेची शपथ, म्हणतो आणि 'अंडर गॉड', म्हणजे देवाच्या छत्राखाली, हे शब्द आले की तोंड मिटतो. ते दोन शब्द सरले की पुन्हा म्हणायला लागतो. शेजारच्या मुलीने चहाडी केली आणि तू सगळ्यांदेखत विचारलंस, "का रे, तेवढंच का गाळतोस?" तो म्हणाला, "आमच्या घरी देव मानत नाहीत." सगळा वर्ग मान वळवून त्याच्याकडे बघायला लागला. मग तू सावरायला गेलीस. गॉड म्हणजे कुणीही, अल्ला म्हण, राम म्हण, येशू म्हण, देव शेवटी एकच.

अगं, हे तुझ्या आजीच्या तोंडी शोभतं. तिच्या हातात हजेरीपट नसतो. तुझ्या हातात आहे. तू न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत पगार घेतेस, आणि त्या मुलाच्या दृष्टीने सरकार म्हणजे तू. गव्हर्नर नाही, राष्ट्राध्यक्ष नाही, तू. तू प्रश्न विचारलास आणि एका लेकराला घरची श्रद्धा, म्हणजे तिचा अभाव, सरकारपुढे जाहीर करावा लागला. धर्म आणि सरकार यांच्यात अंतर असावं म्हणतात, ते अंतर थर्ड ग्रेडच्या वर्गात तुझं टेबल आणि त्याचा बाक यांच्यामध्ये असतं. ते तुलाच राखायचंय.

जो गप्प राहतो त्याला कारण विचारायचं नाही. मी तुला एवढंच शिकवू शकते, आणि या पत्रात तेच पुन्हापुन्हा येणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

पंगतीत कुणी पानावर आडवा हात धरला की वाढपी पुढे सरकतो. उपास आहे का, पथ्य आहे का, आमच्या हातचं चालत नाही का, असलं काही विचारत उभा राहत नाही. तेवढी रीत आपल्याला वर्गात का सुचू नये?

तू म्हणालीस, "पण मावशी, ते शब्द पहिल्यापासूनचेच आहेत ना, देशाची परंपरा आहे." मुळीच नाहीत. प्लेज लिहिली 1892 मध्ये, कोलंबस अमेरिकेला पोचल्याला चारशे वर्षं झाली त्या निमित्ताने. लिहिणारा फ्रान्सिस बेलामी स्वतः बॅप्टिस्ट पाद्री, आणि त्याने देवाचं नाव घातलं नाही. एका पाद्र्याला त्याची गरज वाटली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे बासष्ट वर्षं अमेरिकेची मुलं देवावाचून प्लेज म्हणत राहिली. त्यात दोन महायुद्धं झाली, आणि देशप्रेमात काही उणं पडल्याचं कुणी म्हटलं नाही.

मग रशियाशी शीतयुद्ध आलं. नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक संघटनेने शब्द घालायचा आग्रह धरला. 7 फेब्रुवारी 1954 ला वॉशिंग्टनच्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाद्री जॉर्ज डॉकर्टी यांनी प्रवचन दिलं. ही प्लेज मॉस्कोची मुलंही आपल्या विळाहातोड्याच्या झेंड्यापुढे म्हणू शकतील, असा त्यांचा मुद्दा होता. समोर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर बसले होते. 14 जून 1954 ला त्यांनी कायद्यावर सही केली. आता लाखो शाळकरी मुलं रोज आपलं राष्ट्र ईश्वराला वाहिल्याचं जाहीर करतील, असं त्यांनी त्या वेळी सांगितलं. आज कुणी तुला म्हणालं की ते दोन शब्द नुसते उपचाराचे आहेत, त्यांत धर्म नाही, तर ही सही आठव. सही करणाऱ्याला त्यांत धर्मच दिसत होता.

सकाळी फळ्यापुढे वीसपंचवीस मुलांकडून सवयीने वदवून घेतलेलं देवाचं नाव मला, एका माळकरी घरातल्या बाईला, सहन होत नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी अजून सोडलेली नाही. 'तू एवढी देवाची, मग त्या मुलाची बाजू का घेतेस' असं तू विचारलंस. देवाची आहे म्हणूनच. कायद्याने ठरवलेल्या वेळी, लाउडस्पीकरवरच्या सूचनेनंतर घेतलेलं नाम मला नाम वाटत नाही.

आता कोर्टाकडे येते, कारण मंगळवारी तुला ते लागेल.

1935 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल गावात बारा वर्षांची बहीण आणि दहा वर्षांचा भाऊ यांना झेंड्याला सलाम केला नाही म्हणून शाळेतून काढलं. घरचे जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचे, त्यांच्या मते झेंड्यापुढे असं वाकणं म्हणजे मूर्तिपूजा. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी शाळेची बाजू घेतली. त्यानंतर देशभर त्या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले, मेन राज्यात केनेबंक इथे त्यांचं प्रार्थनागृह जाळलं. तीनच वर्षांनी, 14 जून 1943 ला, ऐन युद्धात, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निकाल फिरवला. वेस्ट व्हर्जिनियाचा खटला होता, बार्नेट नावाने ओळखतात. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की देशभक्ती, धर्म किंवा मताच्या बाबतीत काय योग्य मानायचं हे कुठलाही अधिकारी, लहान असो की मोठा, ठरवून देऊ शकत नाही.

हे वाक्य सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. जॅक्सननी त्या मुलांना धर्माच्या नावाखाली सूट दिली नाही. त्यांनी म्हटलं की प्रश्न कुणाची कोणती श्रद्धा आहे यावर अवलंबूनच नाही; सरकार कुणाच्याही तोंडी शब्द घालू शकत नाही. म्हणजे तुझ्या वर्गातल्या मुलाला गप्प राहायला नास्तिक असण्याचीही गरज नाही. घसा दुखत असेल, वडिलांवर रुसला असेल, उगाच. हक्क तेवढाच राहतो. म्हणून कारण विचारायचं नाही, कारण कारणाने काही ठरतच नाही.

भारतातही हे घडलंय. केरळमध्ये 1985 च्या जुलैत त्याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण गात नसत. 11 ऑगस्ट 1986 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि निकालात बार्नेटचा आधार घेतला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी शेवटी लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, तत्त्वज्ञान तिचा उपदेश करतं, राज्यघटना ती आचरते, तिच्यात पाणी घालू नका. नाशिकच्या एका शिक्षकांनी परिपाठात प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वेतनश्रेणी अडली होती. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आणि आपण शाळेत ओरडून म्हणायचो ती प्रतिज्ञा आठव. देश आहे, बांधव आहेत, आईवडील, गुरुजन आहेत. देव नाही. माझ्या कराडच्या शाळेत कुणाला तो हवासा वाटल्याचं मला आठवत नाही.

'अंडर गॉड' काढून टाका म्हणून कॅलिफोर्नियातले मायकेल न्यूडाऊ कोर्टात गेले. 2002 मध्ये अपील कोर्टात जिंकले आणि 2004 मध्ये, पुन्हा 14 जूनलाच, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या शाळकरी मुलीचा कायदेशीर ताबा त्यांच्याकडे पुरेसा नाही म्हणून दावाच चालवला नाही. मूळ प्रश्नाला हातच लावला नाही, याचा मला आजही राग येतो. शब्द अजून आहेत, आणि ते काढणं तुझ्या हातात नाही. त्या दोन शब्दांशी एकटं पडणारं मूल मात्र तुझ्या हातात आहे.

आता माझं सांगते, तुला अर्धंमुर्धं माहीत आहे.

सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतरच्या त्या आठवड्यांत आमच्या मिडल स्कूलमध्ये प्लेज इतकी मोठ्याने होई की कॉरिडॉरमध्ये ऐकू यायची. माझ्या होमरूममध्ये, म्हणजे सकाळच्या हजेरीच्या वर्गात, स्कार्फ बांधणारी एक मुलगी होती, एरवी पुटपुटणारी. त्या दिवसांत ती सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. छातीवरच्या हाताची बोटं स्वेटरमध्ये रुतलेली असत आणि नजर दाराकडे. तिलाही मी काही विचारलं नाही. बोलणाऱ्यालाही कधीकधी कारण असतं, आणि तेही मागायचा आपल्याला हक्क नाही. तिच्यासाठी याहून जास्त काही करता आलं नाही, ही खंत आहे.

त्याच वर्षी वरून एक तक्ता आला. प्लेज न म्हणणाऱ्या मुलांची नावं आणि समोर 'कारण' असा रकाना. मी तो कोरा परत केला. पुन्हा आला, पुन्हा कोरा. पुढच्या वर्षी विभागप्रमुखपद माझ्यापेक्षा कितीतरी नव्या माणसाकडे गेलं. मंडळातली माझी जवळची मैत्रीण म्हणाली, "आपण बाहेरून आलेले लोक, कशाला अंगावर ओढवून घेतेस?" त्यानंतर आमचं बोलणं कमी होत गेलं, आणि मग संपलं. तिची आठवण येते. पण आपण बाहेरून आलेलो, म्हणून तर इथल्या शाळेत श्रद्धा विचारली जाऊ नये याची गरज आपल्यालाच जास्त, हे तिला कधी पटलं नाही. मला हट्टी म्हणाले, हेकट म्हणाले, म्हणू देत. तो तक्ता मी आजही कोराच देईन. पेनसिल्व्हेनियाने 2002 मध्ये असाच कायदा केला होता, मूल गप्प राहिलं की घरी कळवायचं. 2004 मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने तो रद्द केला, आणि न्यू जर्सीही त्याच कोर्टाखाली येते. माझं पद काही त्याने परत आलं नाही, पण मी बरोबर होते.

तर सोमवारी काय करशील. त्या मुलाची वर्गासमोर माफी मागू नकोस, पुन्हा सगळे त्याच्याकडे बघतील. त्याला बाजूला घेऊनही समजावत बसू नकोस. प्लेजच्या आधी सगळ्या वर्गाला एकदाच सांग: काही जण म्हणतात, काही म्हणत नाहीत, काही थोडंसं म्हणतात, आणि आपल्या वर्गात कुणी कुणाला का म्हणून विचारत नाही, मीसुद्धा नाही. लगेच हजेरी घे. चहाडी करणाऱ्या मुलीवर रागावू नकोस, तीही आठच वर्षांची आहे. त्याच्या घरी चिठ्ठी पाठवू नकोस. 'रामही चालेल, अल्लाही चालेल' ते मात्र पुन्हा काढू नकोस, माझ्यासाठी तरी.

मंगळवारी प्रिन्सिपलकडे त्या मुलीचे आईवडील येणार म्हणालीस. दुसऱ्यांच्या मुलाबद्दल मी बोलू शकत नाही, एवढंच त्यांना सांग आणि खरंच बोलू नकोस. कुणी राज्याच्या कायद्यातली ओळ दाखवेल की न म्हणणाऱ्याने निदान ताठ उभं राहावं. ती ओळ 1978 मध्ये आपल्याच राज्यातल्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात कोर्टाने मोडीत काढली आहे, लिप विरुद्ध मॉरिस. मी निकाल छापून सोबत पाठवतेय, पिवळ्या रेघा मारल्यात. प्रिन्सिपलनी घटनेचा अहवाल लेखी मागितला तर लेखी दे: विद्यार्थ्याने प्लेजमधले दोन शब्द म्हटले नाहीत, वर्गात शिस्तीचा भंग झाला नाही. खाली सही आणि तारीख. तो घरच्यांबद्दल काय म्हणाला ते त्यात लिहू नकोस, आणि तोंडी विचारलं तरी सांगू नकोस.

तुझी,
मावशी