बुलेट चार-पाच किलोमीटरवर बंद पडते, कार्बोरेटर नवीन टाकू का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची 1984 ची बुलेट सकाळी झकास सुरू होते, चार-पाच किलोमीटर पळते, मग भकभक करत मान टाकते आणि दहा-पंधरा मिनिटं उभी केली की दुसऱ्या किकला पुन्हा चालू. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) गेला, नवीन टाका. टाकू का?

टाकू नका. निदान आधी टाकीचं झाकण उघडून बघा. मी चेष्टा करत नाही.

माझ्याकडेही वडिलांचीच गाडी आहे, 1981 ची. तेच 346 सीसीचं बिडाचं इंजिन, डाव्या पायाला ब्रेक, उजव्या पायाला गिअर. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. 2011 च्या दिवाळीपर्यंत तिनं मला रस्त्यात कधी उभं केलं नव्हतं. त्या दिवाळीत पेट्रोल 70 च्या पुढे गेलं होतं आणि आमच्या गल्लीत रात्री गाड्यांतून पेट्रोल काढायचे प्रकार चालू होते. आमचे दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, भाऊबीजेला आले ते टाकीला बसणारं कुलपाचं झाकण घेऊन. चकचकीत क्रोमचं, किल्लीवर उघडणारं. स्वतःच्या हातानं बसवलं. जुनं झाकण मी अडगळीत टाकलं.

पंधरा दिवसांत गाडी बंद पडायला लागली. अगदी तुमच्यासारखीच. आधी पिकअप कमी, मग मिसिंग, मग गप्प. थोडं थांबलं की चालू. दाजींचं निदान तिथल्या तिथं तयार होतं. "अरे, तीस वर्षांचा कार्बोरेटर तो. टाक की नवा. किती दिवस जीव लावणार?" दाजींनी आयुष्यात कुठल्या गाडीचा प्लगसुद्धा काढलेला नाही, पण बोलण्यात असा ठामपणा की समोरच्यानं पाकीट काढावं.

मी नवा टाकला नाही, पण दुरुस्तीला दिला आणि तिथंच चुकलो. पहिल्या मेकॅनिकनं जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तुकड्यात, स्टीलची तार घातली. माझ्या डोळ्यांदेखत. पितळेचा जेट तो, त्याला केसाएवढं भोक, आणि हा पठ्ठ्या त्यात तार घालून रवी घुसळल्यासारखी फिरवतोय! भोक मोठं झालं. जेटवर कोरलेला आकडा एक आणि जातंय पेट्रोल भलतंच. प्लग काळाकुट्ट, लिटरला 35 देणारी गाडी 22 वर आली. आणि चार किलोमीटरवर बंद पडायचं ते पडतच होती.

दुसऱ्यानं कार्बोरेटर बसवताना दोन्ही नट असे आवळले की जणू रेल्वेचा डबा जोडतोय. कार्बोरेटरचं फ्लँज, म्हणजे इंजिनला टेकणारी सपाट बाजू, मऊ धातूचं असतं. कडेला आवळलं की कान वाकतात आणि मध्ये फट पडते. त्या फटीतून हवा आत जाते, मग गाडी स्लोला थांबत नाही, कधी रेस आपोआप चढते, कधी कार्बोरेटरमधून फट्कन शिंकते. म्हणजे दोन दुरुस्त्यांनंतर माझ्याकडे एका दुखण्याऐवजी तीन झाली.

त्या काळात मला एक गोष्ट छळत होती. टाकी अर्धी असली की गाडी दहा-बारा किलोमीटर जायची आणि फुल्ल केली की तीन-चारवरच थांबायची. दाजी म्हणाले पंपावर भेसळ आहे. मी दोन महिने पंप बदलत फिरलो.

उलगडा झाला तो कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर. गाडी बंद पडली की मी सवयीनं टाकी उघडून आत बघायचो, पेट्रोल आहे ना म्हणून, आणि पुन्हा किक मारायचो. बहुतेक वेळा सुरू व्हायची. त्या दिवशी वाटेतल्या कळे गावात टाकी फुल्ल केली तेव्हा गाडीची आणि झाकणाची किल्ली एकाच रिंगमध्ये होती. पुढं चहाला थांबलो, बायकोनं झाकणाची किल्ली काढून पर्समध्ये ठेवली, ("रिंग खिशाला भोक पाडते"), आणि ती साळवणला माहेरच्या माणसांबरोबर जीपमध्ये बसली. गाडी पुढं जाऊन बंद पडली. झाकण उघडता येईना. पहिली दहा मिनिटं किक मारून मारून पाय भरून आला. अर्ध्या तासानं सुरू झाली, आणि तीन किलोमीटरवर पुन्हा बंद. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेजारून जातायत आणि मी फुल्ल टाकीवर हात ठेवून उभा. तेव्हा डोक्यात आलं की आजवर उघडल्यावर लगेच सुरू व्हायची, आज उघडली नाही तर होत नाही. म्हणजे सगळं दुखणं त्या झाकणात.

बायको परत आली, किल्ली घातली, झाकण फिरवलं. फुस्स! टाकीनं श्वास घेतला. दुसऱ्या किकला गाडी चालू.

बुलेटला पेट्रोलचा पंप नसतो, पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत यायला हवी, म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. दाजींच्या झाकणाचा रबरी वायसर त्या भोकावर पक्का बसला होता. हवा येईना, टाकीत ओढ तयार होई आणि पेट्रोल अडे. गाडी उभी केली की कुलपाच्या फटीतून हळूहळू हवा झिरपे, मग पुन्हा चालू. आणि फुल्ल टाकीत वर मोकळी जागाच जेमतेम, त्यामुळे थोडं पेट्रोल गेलं तरी ओढ लगेच वाढते. भेसळ वगैरे काही नव्हतं. त्या पंपवाल्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी अडगळीतलं जुनं झाकण शोधून बसवलं, टाकी फुल्ल केली आणि रंकाळ्याभोवती फेऱ्या मारल्या. एकदाही थांबली नाही. दाजींना फोन केला. ते म्हणाले, "कार्बोरेटर दोनदा साफ केलास, त्याचा गुण आता आला असेल." याला काय म्हणायचं?

तर तुम्ही काय करा. गाडी बंद पडल्या क्षणी झाकण उघडा, आवाज ऐका, किक मारा. रस्त्यावर जायचं नसेल तर घरीच, इंजिन गार असताना, कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि टाकीखालचा कॉक उघडा. धार अखंड हवी. अर्ध्या-एक मिनिटात धार बारीक झाली आणि झाकण उघडल्यावर पुन्हा जोरात आली, तर पैसे वाचले. झाकण उघडूनही बारीकच राहिली तर कॉकची जाळी गंजानं भरलीय. टाकी आतून बघा, तीस-चाळीस वर्षांच्या टाकीत खपल्या असतातच.

कार्बोरेटर उघडायचाच असेल तर स्वतः उघडा. मिककार्ब (जुन्या बुलेटवरचा नेहमीचा कार्बोरेटर) असेल तर खालचे स्क्रू काढले की पेट्रोल साठणारी वाटी खाली येते. जेट काढून उजेडाला धरा, भोक गोल दिसलं पाहिजे. साफ करायचं तर वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा किंवा टूथब्रशचा केस, आणि वरून हवा मारा. स्टीलची तार, टाचणी, सेफ्टी पिन कुणी हातात घेतली तर कार्बोरेटर उचला आणि चालू पडा. फ्लँज वाकलंय का बघायला खिडकीच्या काचेवर ठेवा. डुललं तर काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर, थोडं तेल, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं घासत राहा. मला पाऊण तास लागला. मध्ये पुसून बघत राहायचं, सगळीकडे सारखी चकाकी आली की झालं. ओ-रिंग (फ्लँजमधली रबरी कडी) नवी टाका आणि नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा.

हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, आणि इंजिन गरम झाल्यावर रेस जिथं सगळ्यात जास्त लागेल तिथं सोडा. हा स्क्रू फक्त स्लोपुरता आणि थ्रॉटलच्या सुरुवातीपुरता काम करतो. अर्ध्या थ्रॉटलला पेट्रोल ठरवते नीडल (आतली सुई), पूर्ण थ्रॉटलला मेन जेट. हायवेला मिसिंग मारते म्हणून हा स्क्रू पिळत बसणाऱ्या मेकॅनिकला हे ठाऊक नसतं.

सध्या 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराच्या नळ्या फुगवतं आणि पाणी धरतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा.

आता एक सांगायचं राहिलं. चालून गरम झाली की बंद, गार झाली की चालू, हे कंडेन्सर (ठिणगीच्या सर्किटमधला छोटा विजेचा भाग) गेल्याचंही लक्षण आहे. त्यामुळे झाकण उघडूनही सुरू झाली नाही तर लगेच प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा (पेट्रोलपासून लांब धरून). ठिणगी पिवळट, मरगळलेली दिसली तर कंडेन्सर बदला, पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवा. कार्बोरेटरला दोष द्यायची वेळ त्यानंतर. आणि माझं सगळं मिककार्बचं आहे. तुमच्या गाडीवर कुणी दुसरा कार्बोरेटर चढवला असेल आणि त्याचा स्क्रू फिल्टरच्या नव्हे तर इंजिनच्या बाजूला असेल, तर तो उलटा चालतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं.

नवीन टाकायचा का, तर फ्लोट (वाटीतला तरंगणारा भाग) फुटला असेल, स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा भाग) झिजून हलत असेल तर टाका, पण माल डुप्लिकेट नाही ना, ते बघून घ्या. बाकी तुम्ही लिहिलेलं नाही की झाकण मूळचं आहे की कुलपाचं. ते आधी सांगा. आणि उघडल्यावर फुस्स झालं तर कृपया इथं लिहा. भाऊबीजेला दाजी येणार आहेत, मला त्यांना दाखवायचं आहे.