जिनिंगमधली धाप आणि भरपाईचा हक्क

प्रश्न : माझे वडील पन्नास वर्षांचे असून यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, सोळा हंगामांपासून ठेकेदाराच्या हाताखाली काम करतात. दोन वर्षांपासून त्यांना धाप लागते आणि आठवडी बाजाराच्या सुटीनंतर कामावर गेले की छाती आवळून येते. ‘विम्याचे कार्ड नाही, तेव्हा काही मिळणार नाही,’ असे ठेकेदार म्हणतो. हे खरे आहे काय?

उत्तर : कार्ड नाही हे खरे असेल, पण काही मिळणार नाही, हे खरे नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग व प्रेसिंग स्पष्टपणे नमूद आहे. दिवसभर रुईच्या धुळीत उभ्या असणाऱ्या मजुरालाच विम्याबाहेर ठेवणारी ही तरतूद आम्हाला अन्यायकारक वाटते. मात्र ज्यांना ही योजना लागू नाही, अशा कामगारांचा मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने मान्य केला होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, म्हणजे बिसिनोसिस, या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे. मजूर ठेकेदाराचा असला, तरी जिनिंगच्या मालकावर दावा करता येतो.

खरी अडचण पुराव्याची असते. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हे या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. परंतु एक्स-रे अनेकदा स्वच्छ दिसतो आणि केसपेपरवर नुसता ‘दमा’ लिहिला जातो. म्हणून वडिलांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीरोग विभागात न्यावे, कामाचे स्वरूप आणि वर्षे केसपेपरवर लिहून घ्यावीत आणि श्वासक्षमतेची, म्हणजे नळीत फुंकून करायची, चाचणी करून घ्यावी. ते बिडी ओढत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नये. समोरचा पक्ष तो मुद्दा काढणारच. हजेरीची नोंद, बँकेत जमा झालेली मजुरी आणि सोबतच्या मजुरांचे जबाब यांतून कामाची वर्षे सिद्ध करता येतात.

भरपाई वय, मजुरी आणि कमाईची क्षमता किती घटली यांवर ठरते. पन्नासाव्या वर्षी मासिक मजुरी १२,००० रुपये धरल्यास, तिच्या ६० टक्क्यांना, त्या वयासाठी कायद्यात दिलेल्या १५३.०९ या घटकाने गुणून, कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी सुमारे ११ लाख रुपये होतात. क्षमता ३० टक्के घटली असेल तर त्याच प्रमाणात सुमारे ३ लाख ३० हजार. अर्ज कोणाकडे करायचा हे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात समजेल, आणि त्यात उशीर करू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजना उपचारांसाठी आहे, भरपाईसाठी नाही. वर्षाला वीस रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा केवळ अपघातासाठी आहे.

श्वासक्षमता कामाच्या पाळीच्या आधी आणि नंतर मोजली, तर धुळीचा परिणाम थेट दिसतो. ही मोजणी हंगाम सुरू असतानाच होऊ शकते, म्हणून जिनिंग बंद होण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी आणि त्यानंतर वडिलांना धुळीपासून दूरचे काम मागावे.