फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला जाण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. तुमच्या विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेनं फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाला तुम्हा भारतीय मुलांनाही बोलावलंय, आणि 'आपण काय बसवायचं' यावर तुमच्या मंडळाच्या दोन बैठका होऊन गेल्या. लेझीम चालेल का, असं तू विचारतेस. चालेल की. पण अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा हा महिना, 'ब्लॅक हिस्टरी मंथ', आला कुठून, ते आधी ऐक.

याची सुरुवात केली कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. वुडसन स्वतः कोळशाच्या खाणीत राबले, विसाव्या वर्षी हायस्कुलात गेले आणि १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. आपल्या लोकांचा इतिहास कोणी लिहीत नाही, म्हणून १९१५ मध्ये त्यांनी त्यासाठी संस्था काढली आणि १९२६ मध्ये फेब्रुवारीचा दुसरा आठवडा या इतिहासासाठी ठरवला. त्याच आठवड्यात १२ तारखेला लिंकनची जयंती येते आणि १४ला गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांची. यातली १४ तारीख नीट लक्षात ठेव. डग्लस गुलाम म्हणून जन्मले, त्यांच्या जन्माची नोंद कोण करणार? ती तारीख त्यांनी स्वतःच मानून घेतली होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझे वडील आठवले. शाळेच्या दाखल्यावर त्यांचा जन्म १ जूनचा. गावातल्या निम्म्या पोरांचा तोच, कारण मास्तरांनी नाव घालताना तीच तारीख टाकलेली. माझे वडील कोणाच्या मालकीचे नव्हते, तेव्हा ही तुलना इथेच थांबवतो. पण ज्याच्या जन्माची कोणी नोंद घेतली नाही, त्यानं आपली तारीख स्वतः निवडावी, याचं मोल मला त्या दाखल्यामुळे कळलं.

आठवड्याचा महिना केला तो तुझ्याच वयाच्या मुलांनी. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना होती. नोव्हेंबर १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे पोलीस तिथे नोकरभरतीला आले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष ज्या शहरात निघाला, तिथलेच हे पोलीस. मुलांनी त्यांना विरोध केला, आणि कारवाईची टांगती तलवार डोक्यावर आल्यावर शेकडो कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅम्पस सोडून चालते झाले. त्याच मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी फेब्रुवारी १९६९ मध्ये पूर्ण महिन्याची कल्पना मांडली, आणि १९७० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तो पहिल्यांदा साजरा झाला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी या महिन्याची दखल घेतली ती १९७६ साली. म्हणजे सरकार मागून आलं.

केंट स्टेट म्हटलं की लोकांना आठवतो तो ४ मे १९७०: नॅशनल गार्ड या राखीव सैन्याचा गोळीबार आणि ४ विद्यार्थ्यांचा मृत्यू. आठवायलाच हवा. पण त्यानंतर ११ दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळ्या झाडल्या आणि दोघे तरुण गेले: फिलिप गिब्स आणि जेम्स अर्ल ग्रीन. ग्रीन तर अजून हायस्कुलात होता. मी इथे आल्यावर कित्येक वर्षं ही नावं माझ्या कानावर आली नाहीत. कार्यक्रमात तुम्हाला दोन मिनिटं बोलायला मिळाली, तर ही नावं घे.

'हा त्यांचा इतिहास, आपण पाहुणे,' असं तुमच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, असं तू लिहितेस. बोलणारा मुलगा भला असेल, पण त्याला सांग: अमेरिकेत स्थायिक व्हायला १९४६ च्या कायद्यानं भारतीयांना वर्षाला अवघी १०० जणांची मर्यादा होती. देशनिहाय वाटे ठरवण्याची ती पद्धत मोडली १९६५ च्या कायद्यानं, आणि तो आला नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेत. ज्या दारातून मी आत आलो आणि आता तू आलीस, ते उघडताना लाठ्या दुसऱ्यांनी खाल्ल्या. मला हे उशिरा कळलं. सत्तरच्या दशकात मी इथे उतरलो, त्या पहिल्याच आठवड्यात आपल्याच एका माणसानं मला 'त्या वस्तीत पाऊल टाकू नकोस' असं बजावलं होतं. मी ते मुकाट्यानं पाळलं आणि दोन वर्षं शेजारच्या प्रयोगशाळेतल्या कृष्णवर्णीय माणसाशी धड बोललो नाही. त्याची लाज अजून वाटते.

आणि ती वस्तीची भीती आपण घरूनच आणतो. लग्नाच्या जाहिरातीतली 'गोरी', बाळंतिणीला भेटायला आल्यावर 'रंग कुणावर गेलाय?' हे तू लहानपणापासून ऐकलंयस. 'आपलं दुःख सारखंच' असं व्यासपीठावरून म्हणण्याआधी तुमच्या मंडळात यावर एकदा मोकळेपणानं बोला. बैठक तापेल, तापू दे.

नातं खोटं आहे असं मी म्हणत नाही. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या भल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी इतकं लांबचं पाहिलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण ती मुक्ती नुसती देणगी नव्हती, हे वुडसनसारख्यांनी पुढे कागदोपत्री उभं केलं: गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडच्या राज्यांच्या बाजूनं लढले होते. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या, कारण अस्पृश्यांसाठी तसंच पाऊल उचलण्याचा विचार चालू होता. ड्युबॉइस यांनी उत्तरही पाठवलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ओकलंडच्या पँथरचं नाव घेऊन. या तिन्ही वेळा आपण त्यांच्याकडून काही घेतलं. बोलताना हा क्रम उलटा करू नकोस.

आता तू काय करावंस. त्या संघटनेच्या मुलांकडे जा आणि 'तुम्हाला काय हवंय?' एवढंच विचार. बहुतेक उत्तर साधं येईल: खुर्च्या मांडायला माणसं, हॉलच्या भाड्यात वाटा, रात्री आवरायला हात. ते करा. लेझीम त्यांनी मागितली तर बसवा. आणि वर्गातल्या एकट्या कृष्णवर्णीय मुलीला 'आम्हाला समजावून सांग' म्हणू नकोस, फेब्रुवारीभर तिला ते सगळेच विचारत असतात.

समजून घ्यायचं तर ग्रंथालयाचा अभिलेखागार आहे. तुमच्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी कधी आला, त्याला वसतिगृहात खोली मिळाली का, जुन्या वार्षिकांकांतल्या सामूहिक फोटोत कोण कुठे उभं आहे, ते बघ. मेसमध्ये तीस-तीस वर्षं रांधणाऱ्या बायका असतील, तर त्यांच्याजवळ बस. कॅम्पसचा जितका इतिहास त्यांना ठाऊक असतो, तितका कुलगुरूंच्या भाषणात सापडायचा नाही. त्या बोलल्या तर त्यांना विचारूनच लिहून घे, आणि लिहिलेलं आधी त्यांनाच दाखव.

अभिलेखागारात वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. जाताना शिसपेन्सिल ने, आत पेन चालत नाही. काय सापडलं ते मला कळव.

तुझा,
काका