पावसाळ्यात घासणारं दार आणि बाथरूमची कुजलेली चौकट: काम कोणाला द्यावं, काय ठरवून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पंचवीस वर्षं जुना फ्लॅट, मुख्य दार पावसाळ्यात घासतं, बाथरूमचं दार चौकटीसकट खालून कुजलंय. एक ठेकेदार म्हणतो दोन्ही काढून नवीन बसवू, दुसरा म्हणतो रंधा मारून देतो. ऐकायचं कोणाचं?

आत्ता कोणाचंच नको. दार का घासतंय हे न बघता दोघांनी भाव सांगितलाय. जो माणूस आधी बिजागरी हलवून बघतो, चौकटीला ओळंबा लावतो आणि मग बोलतो, त्याला काम द्या, मग तो थोडा महाग का असेना.

ही तपासणी तुम्हालाही करता येते. मुख्य दार बंद करून आतून चारही बाजूंची फट बघा. बिजागरीच्या बाजूला वर फट मोठी आणि कुलपाच्या बाजूला वरचा कोपरा चौकटीला टेकलेला असेल, तर दार फुगलेलं नाही, झुकलेलं आहे. खात्री करायची तर दार अर्धं उघडा, हँडल धरून वर उचला आणि दुसऱ्या कोणाला तरी वरच्या बिजागरीकडे बघायला सांगा. पत्रा लाकडापासून सुटून हलताना दिसेल. 7 फूट बाय 3 फूट आणि 35 मिमी जाडीचं भरीव फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट असलेलं प्लायचं दार) साधारण 35 ते 40 किलोचं असतं. ते वर्षानुवर्षं वरच्या बिजागरीच्या चार-पाच स्क्रूंना ओढत असतं. अशा दाराला रंधा मारला तर दार तेवढ्यापुरतं सुटतं, पण झुकणं चालूच राहतं आणि पुढच्या वर्षी परत रंधा मारावा लागतो.

यावरचा इलाज स्वस्त आहे. बिजागरी काढायची, सैल भोकं मोठी करून त्यात फेविकॉल लावलेल्या सागवानी खुंट्या ठोकायच्या, रात्रभर सुकू द्यायच्या आणि नव्याने बारीक छिद्र पाडून पहिल्यापेक्षा लांब स्क्रू पिळायचे. दोनच बिजागऱ्या असतील तर तिसरी घाला. ती बरोबर मधोमध न घालता वरच्या बिजागरीच्या खाली फूटभर अंतरावर घातली तर जास्त उपयोगी, कारण ताण वरच असतो. मिस्त्री स्क्रू हातोडीने ठोकून शेवटचे दोन आटे फिरवताना दिसला तर तिथेच थांबवा. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत जातो, त्याला पकड राहत नाही. आपल्याकडे दारं झुकण्याचं मोठं कारण हेच आहे.

कुलपाच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखीच नाहीशी होत असेल आणि हिवाळ्यात परत येत असेल, तर मात्र ते खरं फुगणं. त्याचं मूळ बहुतेक वेळा दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला असतं. रंगारी दार न उतरवता रंगवतो, त्यामुळे या दोन कडा कोऱ्या राहतात आणि दमट हवा तिथूनच आत शिरते. जुलैमध्ये घासतंय म्हणून 4 मिमी तासलं, तर फेब्रुवारीत फटीतून जिन्यातला उजेड दिसेल आणि कुलपाची जीभ खाचेत जेमतेम टेकेल. म्हणून हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर काढा. दार उतरवून, तेव्हाही घट्ट असेल तरच मिलिमीटर-दोन मिलिमीटर तासायचं आणि सहाही बाजूंना प्राइमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे. पॉलिशचं दार असेल तर पॉलिशही कडांवर तितकंच. एका बाजूला सनमायका आणि दुसरी बाजू कोरी असेल तर दार वाकतं. वाकलेलं दार रंध्याने सरळ होत नाही, ते बदलावंच लागतं.

आता चौकट. दार आपटल्यावर कडेचं प्लास्टर पडत असेल तर भिंतीतले होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) गंजून सैल झालेत. सरळ उभी असलेली चौकट लांब अँकर मारून घट्ट करता येते, त्यासाठी ती काढायची गरज नाही. खालच्या फूटभर भागात ठिकठिकाणी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. आत घुसला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर कूज आहे किंवा वाळवी. वाळवी असेल तर आधी औषध फवारणी, मग सुतारकाम. उलट केलं तर नवं लाकडही वर्ष-दोन वर्षांत जातं.

बाथरूमच्या बाबतीत नवं दार बसवण्याचा सल्ला बरोबर आहे, पण चौकट कितपत गेलीय ते बघा. कूज खालच्या सहा-आठ इंचांतच असेल तर तेवढा भाग तिरका कापून नवा सागवानी तुकडा जोडता येतो. कापाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, म्हणजे सांध्यात पाणी साचत नाही. कूज त्याहून वर गेली असेल तर संपूर्ण चौकट काढा आणि ग्रॅनाइटची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली) बसवा. मी ग्रॅनाइटला पहिली पसंती देईन, पाण्याशी तिचं काही वैर नाही. फक्त बिजागरीची भोकं दार हातात आल्यावर, त्याच्या मापाने पाडून घ्या, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. डब्ल्यूपीसीची चौकट नुसत्या फोमवर (फटीत फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस) चिकटवू देऊ नका. प्रत्येक बाजूला किमान तीन अँकर, मग फोम, आणि फोम फुगताना चौकट आत वाकू नये म्हणून मध्ये आडव्या पट्ट्या ठोकलेल्या हव्यात. लाकडी चौकट नव्याने बसवणार असाल तर भिंतीकडच्या बाजूला आधी डांबर लावून घ्या, नाहीतर ओल्या सिमेंटचं पाणी ती पहिल्याच दिवशी पिते.

बाथरूमचं दार डब्ल्यूपीसी किंवा एफआरपीचं (फायबरचं) घ्या. पोकळ पीव्हीसीचं दार स्वस्त पडतं, पण त्यात बिजागरीचे स्क्रू टिकत नाहीत. डब्ल्यूपीसीतही आधी छिद्र पाडूनच स्क्रू घालायचा, आणि जिथे थेट ऊन पडतं तिथे हे दार लावायचं नाही, ते वाकतं. दाराखाली 8 ते 10 मिमी फट ठेवा. बाथरूमची फरशी बदलायचा विचार असेल तर फरशी आधी, दार नंतर. फरशीवर फरशी चढली की दार खालून कापावं लागतं.

मुख्य दार खरंच बदलायचं ठरलं, तर फ्लश डोअरवर आयएस 2202 चा (अशा दारांसाठीच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून घ्या आणि मापाच्या जवळचंच दार मागवा. कडेची आतली लाकडी पट्टी मर्यादित रुंदीची असते. मोठं दार आणून प्रत्येक बाजूने इंचभर कापलं तर कुलूप आणि बिजागरी दोन्ही कमकुवत जागी येतात. कापलेला तुकडा टाकून देऊ नका, दोन-तीन तास उकळत्या पाण्यात ठेवा. थर सुटले तर गोंद हलका आहे, आणि ते दार लागण्याआधी कळलेलं बरं.

यातला सगळ्यात मोठा घोळ मापाचा. दार तुम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं आणि बसवणारा वेगळा असेल, तर चूक झाल्यावर दुकानदार मिस्त्रीकडे बोट दाखवतो आणि मिस्त्री दुकानदाराकडे. म्हणून जो बसवणार त्यानेच माप घ्यायचं आणि कागदावर लिहून सही करायची. रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही कर्ण. कर्णांत 4-5 मिमीहून जास्त फरक असेल तर चौकट तिरकी आहे, ती आधी सरळ करायची. दार उजवं की डावं, आत उघडतं की बाहेर, हेही त्याच कागदावर येऊ द्या. कुलूप त्यावरच ठरतं.

भाव घेताना 'एका दाराचे इतके' एवढ्यावर हो म्हणू नका. जुनं दार काढणं आणि राडारोडा खाली नेणं, लिपिंग (दाराच्या कडांना लावायची लाकडी पट्टी), बिजागऱ्या कोणत्या आणि किती (मुख्य दाराला 5 इंची, स्टेनलेस 304 च्या, तीन किंवा चार), कुलूप, अल्ड्रॉप, डोअर स्टॉपर, प्लास्टरची डागडुजी आणि कडांचा रंग, यातलं काय भावात आहे आणि काय नाही ते लिहून घ्या. राडारोडा आणि प्लास्टर नेहमी शेवटी 'वेगळं' निघतं. हार्डवेअर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून स्वतः आणलंत तर दर्जा तुमच्या हातात राहतो.

आगाऊ रक्कम माल आल्यावर द्या, बोलणी होताच नको. मजुरीतले थोडे पैसे रंग सुकेपर्यंत आणि कुलूप आठवडाभर वापरून होईपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट पहिल्याच दिवशी सांगा. दिवाळी-होळीला बरेच मिस्त्री राजस्थान, उत्तर प्रदेशात गावी जातात. त्याच्या आधीच्या आठवड्यात जुनं दार काढायला देऊ नका, घर उघडं राहील. सोसायटीत ठोकाठोकीची वेळ विचारून घ्या. सेफ्टी डोअरही बसवायचं असेल आणि ते जिन्याच्या बाजूला उघडणार असेल, तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

काम झाल्यावर तपासणी. दार 30, 45, 90 अंशांत उघडून सोडा. जिथे सोडलं तिथेच थांबायला हवं, आपोआप फिरलं तर बिजागऱ्या एका ओळंब्यात नाहीत. बाजूंना आणि वर 3 मिमी फट हवी. एकावर एक धरलेली चार एटीएम कार्डं साधारण तेवढीच जाड होतात, ती सगळीकडून फिरवा. किल्ली न ओढता, न दाबता फिरली पाहिजे. आरशावर मोबाइलचा टॉर्च पाडून दाराची खालची कड बघा, कोरं लाकूड दिसलं तर दार परत उतरवायला सांगा. आणि मुख्य दाराच्या नव्या कुलपाचं पाकीट तुमच्या समोर फोडून किल्ल्या मोजून घ्या, काम चालू असताना मिस्त्रीच्या हातात एकच ठेवा.